पूर्वी किरणोत्सर्गी ऱ्हासाचा वेग कोट्यवधी पटींनी जास्त होता, या दाव्याची तपासणी कशी करावी?

प्रश्न : शोधक

गेले काही आठवडे माझा एका सहकाऱ्याशी या विषयावर पत्रव्यवहार सुरू आहे. ते श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, पेशाने अभियंते आहेत, आणि बायबलमधील वंशावळींवरून पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे ठरते असे मनापासून मानतात. त्यांच्याशी वाद घालून जिंकावे हा माझा हेतू नाही. त्यांनी विचारलेल्या काही प्रश्नांना माझे मलाच पटेल असे उत्तर देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

त्यांनी मला ‘रेट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाचे निष्कर्ष वाचायला दिले. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च आणि क्रिएशन रिसर्च सोसायटी या दोन सृष्टिनिर्मितीवादी संस्थांनी १९९७ ते २००५ या काळात हा प्रकल्प चालवला. लॅरी वार्डिमन, रसेल हम्फ्रीज, अँड्र्यू स्नेलिंग, जॉन बॉमगार्डनर, यूजीन चॅफिन ही त्यातील मुख्य नावे. वाचताना मला सर्वांत आश्चर्य वाटले ते एका गोष्टीचे. खडकांमध्ये किरणोत्सर्गी ऱ्हास (म्हणजे अणुकेंद्रके आपोआप बदलून दुसरी होणे, ज्यावरून खडकांची वये काढतात) फारसा झालेलाच नाही, असे हे लोक म्हणत नाहीत. आजच्या वेगाने मोजल्यास निदान ५० कोटी वर्षे लागतील इतका ऱ्हास खरोखर घडलेला आहे, हे त्यांनी मान्य केले आहे. त्यांचे म्हणणे एवढेच, की तो अल्पकाळात घडला. निर्मितीच्या आठवड्यात आणि पुढे नोहाच्या जलप्रलयाच्या वर्षात अणुकेंद्रकांच्या ऱ्हासाचा वेग प्रचंड वाढला होता, आणि नंतर तो आजच्या पातळीवर स्थिरावला.

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला असा, की बेकरेल यांनी किरणोत्सर्गाचा शोध १८९६ मध्ये लावला. म्हणजे ऱ्हासाचा वेग आपण जेमतेम सव्वाशे वर्षे मोजत आहोत. एवढ्या तुटपुंज्या अनुभवावरून साडेचारशे कोटी वर्षांबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळतो? दुसरा असा, की ऱ्हेनियम आणि बेरिलियम यांच्या ऱ्हासाचा वेग प्रयोगशाळेत बदलता आलेला आहे. मग ‘स्थिर’ हा शब्द आपण कशाच्या जोरावर वापरतो? तिसरा प्रश्न न्यू मेक्सिकोतील फेंटन हिल येथील खोल विंधणविहिरीतून काढलेल्या झिरकॉन स्फटिकांबद्दल आहे. त्यांत युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेला हेलियम इतका शिल्लक आहे की स्फटिक दीडशे कोटी वर्षांचे असते तर तो केव्हाच निसटून गेला असता, असे हम्फ्रीज यांचे गणित सांगते, आणि त्यातून त्यांना सहा हजार वर्षे हे वय मिळते.

‘सगळे शास्त्रज्ञ असेच मानतात’ हे उत्तर मला नको आहे. तसे उत्तर मी त्यांना देऊ शकणार नाही, आणि स्वतःलाही देऊ इच्छित नाही.


प्रतिसाद : स्थिरांक

शोधक, तुमचे प्रश्न रास्त आहेत. मी भौतिकीच्या बाजूने पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर देतो. खडकांबद्दल माझ्यापेक्षा जाणकार माणसे येथे आहेत.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण त्यातील तथ्ये खरी आहेत आणि ती नाकारून चालणार नाही. काही प्रकारच्या ऱ्हासात अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष भाग घेतात. बेरिलियम-७ चे केंद्रक जवळचा एक इलेक्ट्रॉन गिळून लिथियम बनते. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची केंद्रकाजवळची घनता रासायनिक परिस्थितीने किंचित बदलली की अर्धायुष्यही (निम्मी केंद्रके बदलायला लागणारा काळ) किंचित बदलते. हा बदल एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ऱ्हेनियम-१८७ चे उदाहरण याहून नाट्यमय आहे. साधारण अवस्थेत त्याचे अर्धायुष्य चार हजार कोटी वर्षांहून जास्त आहे. पण १९९६ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथील साठवण-वलयात (वेगवान आयन फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात) त्याचे सर्व ७५ इलेक्ट्रॉन काढून टाकले तेव्हा ते सुमारे ३३ वर्षांवर आले. याचे कारण असे, की उघड्या केंद्रकातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनला रिकाम्या झालेल्या कक्षेतच बसता येते आणि एरवी जवळजवळ बंद असलेला मार्ग मोकळा होतो.

आता या उदाहरणांतून काय निघते ते पाहा. हे बदल कोणत्या परिस्थितीत होतील, किती होतील आणि कोणत्या केंद्रकात होतील हे आधी मांडलेल्या सिद्धांताने सांगता येते. ऱ्हेनियमचे सगळे इलेक्ट्रॉन सुटे करायचे तर कोट्यवधी अंश तापमान लागते. तसे ताऱ्यांच्या गाभ्यात असते, पण त्या तापमानाला खडक हा शब्दच निरर्थक ठरतो. शिवाय युरेनियम आणि थोरियम यांचा अल्फा ऱ्हास, म्हणजे केंद्रकातून हेलियमचे केंद्रक (अल्फा कण) बाहेर पडणे, इलेक्ट्रॉनांवर अवलंबूनच नाही, त्यामुळे ही युक्ती तेथे चालत नाही. एका कुलपाला एक किल्ली लागते, म्हणून घरातील सर्व कुलपे त्याच किल्लीने उघडतात असे होत नाही.

पृथ्वी-सूर्य अंतरानुसार ऱ्हासाचा वेग बदलतो, असा दावाही २००८ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठातील गटाने केला होता, आणि तुमचे सहकारी त्याचा उल्लेख करण्याची शक्यता आहे. तो बदल हजारात एक एवढाच होता. पुढे अनेक मापनशास्त्रीय प्रयोगशाळांनी आपापल्या नोंदी तपासल्या तेव्हा तो उपकरणांच्या हवामानावरील अवलंबनामुळे आला असावा असे दिसले. कॅसिनी यान प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर चालत होते आणि त्याचा प्रवास सूर्यापासून बरीच वेगवेगळी अंतरे गाठत झाला. त्याच्या वीजनिर्मितीच्या नोंदीतही असा परिणाम आढळला नाही. तो परिणाम खरा मानला तरी हजारात एक आणि पन्नास कोटी पट (पन्नास कोटी वर्षांचा ऱ्हास एका वर्षात) यांत काही नातेच नाही.

आता पहिला प्रश्न. सव्वाशे वर्षांचा अनुभव हा काळाच्या एका टोकाचा अनुभव आहे, हे बरोबर. पण आपण मागे पाहू शकत नाही हे खरे नाही, कारण प्रकाश आपल्याकडे जुन्या बातम्या घेऊन येतो. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे शेजारच्या एका दीर्घिकेत, एक तारा फुटला. तो सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याभोवतीच्या वायूच्या कड्याच्या भूमितीवरून हे अंतर स्वतंत्रपणे तपासता आले. स्फोटात तयार झालेले निकेल-५६ सुमारे सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट-५६ बनते आणि कोबाल्ट सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोह बनते. त्या ताऱ्याची चमक कित्येक महिने नेमकी ७७ दिवसांच्या त्याच लयीत उतरत गेली, आणि कोबाल्टची ओळख पटवणारे ८४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) गॅमा किरणही उपग्रहाने टिपले. म्हणजे जो ऱ्हास इथल्या प्रयोगशाळेत मोजला होता, तोच त्याच वेगाने, त्याच ऊर्जेने, फार पूर्वी आणि फार दूर घडलेला आपण पाहिला.

ओक्लोचाही उल्लेख करतो. गॅबनमधील या खाणीच्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ चे प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के आढळले तेव्हा, १९७२ मध्ये, तेथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी निसर्गतःच अणुभट्टी पेटली होती हे उघड झाले. तेथील समेरियम-१४९ मंद न्यूट्रॉन गिळते. त्याचा एक अनुस्पंदी स्तर, म्हणजे ज्या ऊर्जेचा न्यूट्रॉन ते विशेष सहज गिळते ती ऊर्जा, ०.०९७ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे, आणि हा स्तर त्या काळी आजच्याच जागी होता हे उरलेल्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) प्रमाणांवरून कळते. केंद्रकांच्या बांधणीत दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टांचे व्यवहार चालतात. त्यात एक दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टही सरकला नाही. केंद्रकातील बलांत जरासा फरक पडला असता तर हा स्तर कोठल्या कोठे गेला असता.


प्रतिसाद : संवादिनी

स्थिरांक यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण ओक्लोच्या बाबतीत एक दुरुस्ती सुचवते. ओक्लोची भट्टी ज्या काळात चालली त्या काळात बले आजच्यासारखी होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. प्रवेगवादी, म्हणजे ऱ्हासाचा वेग पूर्वी वाढला होता असे मानणारे, असे म्हणू शकतात की भट्टी प्रवेगाच्या आधी किंवा मध्ये केव्हातरी चालून गेली आणि तिचा पुरावा प्रत्यक्ष प्रवेगाच्या वर्षाला लागू होत नाही. हा आक्षेप त्यांच्याकडून येण्याआधी आपणच मांडलेला बरा. मी ओक्लोचा उपयोग एवढाच करीन, की बले सतत हळूहळू बदलत आली असा दावा असेल तर तो तेथे बाद होतो.

ओक्लोपेक्षा परिणामकारक एक मुद्दा मला वाटतो, आणि तो त्यांच्याच अहवालातून निघतो. रेट प्रकल्पाने कोळशात आणि हिऱ्यांत थोडेसे कार्बन-१४ सापडते यावर मोठा भर दिला आहे. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे आहे, म्हणून कोट्यवधी वर्षांच्या वस्तूत ते मुळीच उरू नये. ते आहे, म्हणजे वस्तू तरुण आहे, असा त्यांचा युक्तिवाद. नमुना तयार करताना येणारे प्रदूषण आणि उपकरणाची स्वतःची पार्श्वनोंद ही याची सरळ कारणे आहेत, पण ती क्षणभर बाजूला ठेवू. जलप्रलयाच्या वर्षात ऱ्हास पन्नास कोटी पटींनी वाढला असे म्हणायचे आणि तो वेग कार्बन-१४ लाही लागू केला, तर ते वर्ष संपण्याच्या आत त्याचा एकही अणू राहणार नाही. म्हणून कार्बनला या प्रवेगातून वगळावे लागते. अर्धायुष्य जितके लांब तितका प्रवेग जास्त, असा नियम त्यासाठी मांडण्यात आला. हा नियम कोणत्याही मोजमापातून आलेला नाही. युरेनियमही हवे आणि कार्बनही हवे, या गरजेतून तो आला आहे. शोधक, तुमच्या सहकाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की युरेनियमच्या माहितीला हात न लावता, केवळ केंद्रकाच्या भौतिकीवरून हा नियम त्यांना काढून दाखवता येतो का.


प्रतिसाद : कृष्णाभ्रक

मी खडकांची माणूस आहे, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते तेथून सुरुवात करते.

ग्रॅनाइटची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीची केली की ती काचेसारखी पारदर्शक होते. त्यात तपकिरी रंगाचे कृष्णाभ्रक (बायोटाइट, अभ्रकाचा एक प्रकार) दिसते, आणि त्या तपकिरी पानात जागोजागी काळसर गोल ठिपके दिसतात. मधोमध झिरकॉनचा एखादा कण, आणि त्याभोवती शाईचा थेंब टीपकागदावर पसरावा तशी काळी प्रभा. कण पुरेसा बारीक असेल आणि छेद नेमका मधून गेला असेल तर ती प्रभा एकसंध नसते. एकात एक अशी कडी मोजता येतात. मी पहिल्यांदा ही कडी नीट पाहिली तेव्हा बराच वेळ भिंगावरून डोळा हलवला नव्हता. युरेनियमपासून शिशापर्यंत एकामागून एक होणाऱ्या ऱ्हासांच्या साखळीतील प्रत्येक अल्फा कण आपल्या ऊर्जेनुसार ठराविक अंतर कापून थांबतो आणि थांबताना अभ्रकाच्या जाळीला सर्वांत जास्त इजा करतो. युरेनियम-२३८ चे कडे केंद्रापासून सुमारे १३ मायक्रोमीटरवर पडते, आणि साखळीतील सर्वांत जोरकस अल्फा, म्हणजे पोलोनियम-२१४ चा, सुमारे ३४ मायक्रोमीटरवर.

या कड्यांचा ऱ्हासाच्या वेगाशी थेट संबंध आहे. गायगर आणि नटॉल यांनी १९११ मध्ये दाखवले, आणि गॅमॉव्ह यांनी १९२८ मध्ये पुंजयामिकीने समजावून सांगितले, की अल्फा कणाची ऊर्जा थोडी वाढली की केंद्रकाची भिंत भेदून बाहेर पडण्याची शक्यता अफाट वाढते. युरेनियम-२३८ मध्ये ऊर्जा सुमारे ४.३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे. पोलोनियम-२१२ मध्ये ऊर्जा सुमारे दुप्पट आणि अर्धायुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्याही एक तृतीयांश. आता युरेनियम-२३८ चा वेग पन्नास कोटी पट करा. अर्धायुष्य नऊ वर्षांच्या आसपास येईल. एवढे अर्धायुष्य असलेल्या या भागातल्या केंद्रकांची अल्फा ऊर्जा साडेपाच दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ असते, आणि त्या ऊर्जेचे कडे १३ नव्हे तर १९-२० मायक्रोमीटरवर पडेल. पुष्कळसा ऱ्हास प्रवेगाच्या काळात झाला असता तर मुख्य कडे तेथे उमटले असते. अतिप्राचीन मानल्या जाणाऱ्या खडकांतही ते १३ वरच असते.

चॅफिन यांना ही अडचण ठाऊक होती. केंद्रकातील विभवाचा (अल्फा कणाला अडवणाऱ्या ऊर्जेच्या भिंतीचा) आकार अशा रीतीने बदलावा की ऊर्जा तशीच राहील आणि फक्त वेग बदलेल, असे गणिती नमुने त्यांनी मांडले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. परंतु गाडे पुढे अडते. साखळीत आठ अल्फा ऱ्हास आहेत आणि आठही कडी जागच्या जागी ठेवायची आहेत. त्याशिवाय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम आणि पोटॅशियम-आर्गॉन या पद्धती (पहिल्या मूलद्रव्याच्या ऱ्हासातून झालेले दुसरे मोजून वय काढणाऱ्या) दुर्बल आंतरक्रिया या वेगळ्या बलावर चालतात, ज्यात भिंत भेदण्याचा प्रश्नच नाही. तरी त्यांची वयेही युरेनियमच्या वयांशी बहुतेक ठिकाणी जुळतात. जेथे जुळत नाहीत तेथे खडक नंतर तापल्याच्या, दाबल्या गेल्याच्या किंवा पाणी मुरल्याच्या खुणा सहसा सापडतात. दोन निरनिराळ्या बलांचे दोन निरनिराळे चाप एकाच वेळी, एकाच प्रमाणात ओढले गेले, असे मानावे लागेल.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड गोष्ट उष्णता आहे, आणि ती हिशेबाने दाखवता येते. सर्वसाधारण ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दशलक्षात चार भाग, थोरियम सतरा भाग आणि पोटॅशियम साडेतीन टक्के धरा. एका किलोतून आजच्या वेगाने वर्षाला सुमारे ०.०३ जूल उष्णता निघते. हाताला कधीच जाणवणार नाही इतकी कमी. तीच पन्नास कोटी वर्षांची उष्णता एका वर्षात सोडा. दीड कोटी जूल होतात. एक किलो थंड ग्रॅनाइट पूर्ण वितळवायला दहा-बारा लाख जूल पुरतात. म्हणजे वितळवण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेच्या बारा-तेरा पट उष्णता प्रत्येक किलोत आतूनच निर्माण होईल. ती बाहेर काढायचीही सोय नाही, कारण खडकातून वर्षभरात उष्णता सरकून सरकून पाच-सहा मीटर सरकते. महासागर वर असला तरी खालच्या तीस किलोमीटर कवचाला त्याचा काय उपयोग?

रेटच्या लेखकांनी ही अडचण लपवली नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. उष्णता आणि किरणोत्सर्ग हे दोन्ही प्रश्न सुटलेले नाहीत, असे त्यांनी स्वतः लिहिले. हम्फ्रीज यांनी अवकाशाच्या प्रसरणामुळे सर्व पदार्थ आतून थंड होतात अशी कल्पना सुचवली. ती मान्य केली तरी ग्रॅनाइटला हजारो अंशांनी थंड करणारी यंत्रणा त्याच वेळी, त्याच जागी असलेल्या समुद्राच्या पाण्याला आणि नोहाच्या जहाजातल्या प्राण्यांना गोठवून का टाकत नाही, याचे उत्तर मिळत नाही. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम जास्त आणि समुद्रात जवळजवळ नाही. थंडावा मात्र दोघांना सारखाच.

आता झिरकॉन आणि हेलियम. फेंटन हिलचे नमुने आणि रॉबर्ट जेंट्री यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेली हेलियमची मापे हा या दाव्याचा पाया आहे. हेलियम स्फटिकातून निसटण्याचा वेग तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. काही दशांश अंशांचा फरक पडला तर फारसे बिघडत नाही, पण शंभर अंशांनी सगळे बदलते. हम्फ्रीज यांनी खडकाचे तापमान सर्व काळ आजच्याइतकेच राहिले असे धरले. पण ही विंधणविहीर व्हॅलेस कॅल्डेराच्या (उद्रेकानंतर खचलेल्या ज्वालामुखीच्या विस्तीर्ण खोलगट भागाच्या) काठावर आहे. तो ज्वालामुखी सुमारे साडेबारा लाख वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक होऊन खचला, आणि आजही तेथे चार किलोमीटर खोलीवर तीनशे अंश सेल्सियसच्या वर तापमान आहे, म्हणूनच तर भूऔष्णिक ऊर्जेसाठी तेथे विहीर खणली होती. त्याच विहिरीतील फेल्डस्पारमधील आर्गॉनचा अभ्यास १९८० च्या दशकात झाला, आणि आजची उष्णता भूवैज्ञानिक दृष्टीने अगदी अलीकडची आहे असे त्यातून निघाले. खडक दीर्घकाळ आजच्यापेक्षा थंड राहिला असेल तर हेलियम शिल्लक राहण्यात नवल नाही. गॅरी लोशेल्ट यांनी बदलते तापमान आणि स्फटिकातील घट्ट-सैल जागांमधून वेगवेगळ्या वेगाने होणारे विसरण (हेलियमचे हळूहळू झिरपणे) धरून हाच हिशेब पुन्हा केला, आणि दीडशे कोटी वर्षांत बसणारे उत्तर त्यांना मिळाले. शिवाय हेही लक्षात घ्या, की हेलियमवरून वय काढताना हम्फ्रीज यांना हेलियम तयार कसा झाला यासाठी पुन्हा प्रवेगच लागतो. म्हणजे वर सांगितलेली उष्णता याही खडकात सोडावी लागते, आणि तापलेल्या झिरकॉनमध्ये हेलियम मुळीच थांबत नाही.


प्रतिसाद : शोधक

तिघांचेही आभार. कृष्णाभ्रक, तुमचा उष्णतेचा हिशेब मी त्यांना जसाच्या तसा पाठवला. त्यांचे उत्तर असे आले, की ती उष्णता देवाने काढून घेतली असेल. ज्याने वेग वाढवला त्याला उष्णता हाताळणे अवघड नाही. दुसरे असे, की ज्वालामुखीच्या ताज्या दगडालाही पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने लाखो वर्षांचे वय येते, मग पद्धतीवर विश्वास का ठेवावा? त्यांनी माउंट सेंट हेलेन्सच्या लाव्ह्याचे उदाहरण दिले.

शिवाय मी स्वतः एक हिशेब करून पाहिला आणि त्याने मला अस्वस्थ केले आहे. मनुष्याच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यातील पोटॅशियम-४० मुळे वर्षाला सुमारे ०.१७ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्गाची मात्रा मिळते (सीव्हर्ट हे त्या मात्रेचे एकक). तो वेग पन्नास कोटी पट केला तर वर्षाला ८५ हजार सीव्हर्ट होतात. चार-पाच सीव्हर्ट प्राणघातक असतात. मी कुठे चुकत आहे का?


प्रतिसाद : संवादिनी

हिशेब बरोबर आहे. ८५ हजाराला वर्षातील तासांनी भागा. तासाला साडेनऊ-दहा सीव्हर्ट येतात, म्हणजे अर्ध्या तासात प्राणघातक मात्रा. बाहेरच्या कशाचाही यात संबंध नाही. स्वतःच्या स्नायूंमधले पोटॅशियमच पुरते. बीटा ऱ्हासाला (पोटॅशियम-४० सारख्या, केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडणाऱ्या ऱ्हासाला) प्रवेग हजार पटींनी कमी मिळाला असे धरले तरी वर्षाला ८५ सीव्हर्ट उरतात आणि काही आठवड्यांत तोच शेवट होतो. आणि तो कमी मिळाला असे धरले, तर पोटॅशियम-आर्गॉनची वये युरेनियमच्या वयांशी का जुळतात याचे उत्तर पुन्हा शोधावे लागते.

देवाने उष्णता काढून घेतली, हे म्हणण्यात मला श्रद्धेचा अवमान दिसत नाही, आणि आपणही तो करू नये. पण मग तसे स्पष्ट म्हणावे. वेग वाढवण्याचा एक चमत्कार, उष्णता नाहीशी करण्याचा दुसरा, शरीरातील पोटॅशियम वगळण्याचा तिसरा, अभ्रकातील कडी जागच्या जागी ठेवण्याचा चौथा. आणि या सर्वांचा परिणाम असा, की शेवटी दिसणारा खडक साध्या, संथ, कोट्यवधी वर्षांच्या ऱ्हासाने झालेल्या खडकासारखाच हुबेहूब दिसावा. रेट प्रकल्पाने आपले काम विज्ञान म्हणून मांडले होते, म्हणून मी त्याला विज्ञानाचे प्रश्न विचारते. तुमचे सहकारी श्रद्धेचे विधान करत असतील तर त्यांच्याशी खडकांवरून भांडायचे कारण नाही.


प्रतिसाद : कृष्णाभ्रक

माउंट सेंट हेलेन्सबद्दल. १९८६ मध्ये घट्ट झालेल्या घुमटाचा दगड स्टीव्हन ऑस्टिन यांनी एका व्यावसायिक प्रयोगशाळेला पाठवला आणि सुमारे साडेतीन लाख वर्षे असे वय आले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धत असे गृहीत धरते की दगड गोठताना त्यात आर्गॉन नव्हता. ज्वालामुखीच्या दगडात शिलारसातून आधीच तयार होऊन आलेले मोठे स्फटिक असतात, आणि ते आपला जुना आर्गॉन पूर्ण सोडत नाहीत. ही अडचण भूवैज्ञानिकांनीच शोधली, त्यासाठीच आर्गॉन-आर्गॉन पद्धत बसवली, आणि कोठे थांबायचे हेही ठरवले. कोट्यवधी वर्षांच्या दगडात तीन-साडेतीन लाख वर्षांची चूक झाली तर ती नगण्य असते. दहा वर्षांच्या दगडात तीच चूक सगळे उत्तर बनते. मैलांचे अंतर मोजायच्या साखळीने सुईची जाडी मोजण्यासारखे ते आहे.

पद्धत नीट वापरली तर काय होते याचे उदाहरण व्हेसुव्हियसचे आहे. इसवी सन ७९ मधल्या उद्रेकातील फेल्डस्पारवर १९९७ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरली तेव्हा १,९२५ वर्षे, अधिक-उणे ९४, असे उत्तर आले. खरे वय तेव्हा १,९१८ वर्षे होते. त्या नमुन्यांतही जुना आर्गॉन थोडा होता, पण तो वेगळा ओळखता आला.

आणखी एक सुचवते, कारण त्यात किरणोत्सर्गाचा अंशही नाही आणि तुमच्या सहकाऱ्यांना ते स्वतः पडताळता येईल. प्रवाळ रोज चुन्याचा एक पातळ थर चढवतो आणि वर्षाच्या ऋतूंप्रमाणे थरांची जाडी कमी-जास्त होते, त्यामुळे वर्षात किती दिवस होते ते मोजता येते. जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये डेव्होनियन काळातील प्रवाळांवर वर्षाला सुमारे ४०० रेषा मोजल्या. भरती-ओहोटीच्या घर्षणाने दिवस शतकाला सुमारे दोन मिलिसेकंदांनी लांबत चालला आहे, हे प्राचीन ग्रहणांच्या आणि चंद्रावर लेसर टाकून केलेल्या मोजमापांतून ठाऊक आहे. त्या वेगाने मागे गेल्यास वर्षात ४०० दिवस येण्यासाठी ३५ ते ४० कोटी वर्षे मागे जावे लागते. त्याच थरांना युरेनियम देते तेही वय ३६ ते ४२ कोटी वर्षांच्या पट्ट्यात येते.

शोधक, त्यांना कड्यांची छायाचित्रे पाठवायची असतील तर माझ्याकडे काही चांगली आहेत. मोजपट्टीसह आहेत, त्यामुळे १३ की २० हे त्यांना पट्टी लावून स्वतःच पाहता येईल.